जीर्ण चित्रपटांचा पुनरुद्धार

चिकलठाण्यात घरबसल्या जुने चित्रपट पाहणाऱ्या रसिकांसाठी ही अल्पशी माहिती. 🎞️

पॉवेल व प्रेसबर्गर या जोडीचा ‘द रेड शूज’ हा १९४८ सालचा ब्रिटिश चित्रपट टेक्निकलर पद्धतीने, म्हणजे तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या नोंदीसाठी तीन स्वतंत्र निगेटिव्हांवर चित्रित झाला होता. कालांतराने त्या आकसल्या, त्यांवर बुरशी चढली आणि तिन्ही रंग परस्परांशी जुळेनासे झाले. या निगेटिव्हा संगणकावर उतरवून, डाग पुसून आणि रंगांचा मेळ साधून सिद्ध केलेली प्रत २००९ साली कान महोत्सवात दाखविली गेली, व पुढे ब्ल्यू-रे तबकडीच्या रूपाने ती घरोघरी पोहोचली.

आपल्याकडेही १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मोठ्या चिकाटीने मिळवून तेथे दाखल केले. तथापि, जुन्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. २००३ साली पुण्यात संग्रहालयाच्या साठ्याला लागलेल्या आगीत असा बहुमोल ठेवा भस्मसात झाला.

जुन्या चित्रपटाची तबकडी घेताना ती पुनरुद्धारित प्रतीवरून काढलेली आहे किंवा कसे, याची खातरजमा अवश्य करावी. आणि कोणाच्या माळ्यावर जुनी रिळे पडून असल्यास ती स्वतः यंत्रावर न चढविता, उष्णतेपासून दूर ठेवून, पुण्याच्या संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून त्यांच्या सुपूर्द करावीत, ही विनंती. 🙏