बापू गोखले : पेशवाईचे शेवटचे घोडदळ सेनापती

भाईंदरहून रो-रो बोटीने वसईला उतरलात की समोर किल्ला दिसतो. होळकरांकडून हरलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याने 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. बापू गोखल्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्यावर या तहाची सावली आहे.

चुलत्याच्या जागी

बापूंचे मूळ नाव नरहर गणेश. कर्नाटकात पेशव्यांची फौज सांभाळणारे त्यांचे चुलते धोंडोपंत 1800 मध्ये बंडखोर धोंड्या वाघाशी लढताना पडले आणि पथकांची जबाबदारी बापूंवर आली. त्याच वर्षी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने धोंड्याला संपवले. त्या मोहिमेत बापूंचे स्वार त्याच्यासोबत होते. 1803 मध्ये वेलस्ली बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्याकडे निघाला, तेव्हाही बापू बरोबर होते. इंग्रजी फौजेची शिस्त त्यांनी इतकी जवळून पाहिली होती.

शिलेदार आणि बारगीर

बारगिराला घोडा सरकारचा किंवा सरदाराचा मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. घोडा मेला की शिलेदाराची रोजीरोटीच गेली. म्हणून मराठी स्वार सहसा समोरासमोरची टक्कर टाळून रसद तोडण्यावर भर देत. माझ्या मते हा भित्रेपणा नव्हता, पोटाचा हिशेब होता. बापूंच्या वाट्याला मात्र टकरीच्याच लढाया आल्या.

खडकी

5 नोव्हेंबर 1817. एकेकाळी ज्यांच्यासोबत लढले, त्या इंग्रजांशीच आता बापूंची गाठ होती. इंग्रजांची फौज तीन हजारांच्याही आत, तर पेशव्यांचे घोडेस्वारच कित्येक पट जास्त. बापूंच्या हुकमाने निवडक स्वार इंग्रजी पलटणीवर तुटून पडले. पण वाटेत दलदल लागली, पुढचे घोडे रुतले आणि हल्ल्याचा जोर ओसरला. जरीपटका म्हणजे पेशव्यांचे निशाण सांभाळणारे मोरो दीक्षित त्या दिवशी पडले. बाजीराव लढाई पाहत होता पर्वतीवरून.

आष्टी

त्यानंतर तीन महिने माघार. फेब्रुवारी 1818 मध्ये पंढरपूरजवळच्या आष्टीला इंग्रजांच्या जनरल स्मिथने पेशव्यांना अचानक गाठले. बाजीरावाने गाफील राहिल्याचा ठपका बापूंवरच ठेवला. तुमची पिछाडी मी राखतो, असे सांगून बापू काहीशे स्वारांनिशी इंग्रजी रिसाल्याच्या बगलेवर चालून गेले. स्मिथच्या डोक्याला जखम झाली. बापू गोळ्या आणि तलवारीचे वार झेलून तिथेच पडले. बाजीरावाला निसटण्यापुरता वेळ मात्र मिळाला. बाजीरावाबरोबर असलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती लागले.

बापूंचे डावपेच अचूक होते असे मी म्हणणार नाही. खडकीची जमीन आधी पाहायला हवी होती, आष्टीला पहारे हवे होते. पण पेशवाईच्या शेवटच्या वर्षात आपला शब्द प्राण देऊन पाळणारा सरदार शोधायचा, तर पहिले नाव बापूंचेच घ्यावे लागते. बाजीराव जून 1818 मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला 1851 पर्यंत जगला.