सॉफ्टवेअर घेणे सोपे, टिकवणे अवघड

मोठ्या प्रकल्पाचे आयुष्य वर्षांत मोजावे लागते. वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ मध्ये झाली आणि त्यावरून वाहने धावू लागली ती २००९ च्या मध्यावर. अशा कामांची वेळापत्रके, खर्च, मनुष्यबळ आणि कंत्राटे यांचा हिशेब आज प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर ठेवला जातो. हे सॉफ्टवेअर प्रकल्पाइतकी वर्षे टिकेल का, हा प्रश्न मात्र खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो.

कंपनी बलाढ्य असली की तिचे उत्पादनही चिरंजीव असते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. ॲटलासियन कंपनीच्या ‘जिरा’ची, ग्राहकाने स्वतःच्या यंत्रणेवर चालवायची ‘सर्व्हर’ आवृत्ती जगभर वापरली जात होती. तिच्या नव्या परवान्यांची विक्री फेब्रुवारी २०२१ मध्ये थांबली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला मिळणारे तांत्रिक साहाय्यही संपले. मायक्रोसॉफ्टने आपली ‘प्रोजेक्ट ऑनलाइन’ ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर केला. अशा वेळी ग्राहकाला आपल्या नव्हे, तर विक्रेत्याच्या वेळापत्रकानुसार स्थलांतर करावे लागते.

सॉफ्टवेअर यंत्राप्रमाणे झिजत नाही. बदलते ते त्याच्या भोवतीचे जग. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा करांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालींमध्ये बदल करणे भाग पडले. संगणकशास्त्रज्ञ मेयर लेहमन यांनी १९७० च्या दशकातच याविषयीचे नियम मांडले होते. वापरातील सॉफ्टवेअर सतत बदलत राहिले नाही, तर ते उत्तरोत्तर निरुपयोगी ठरते; आणि बदलत राहिले, तर त्यातील गुंतागुंत वाढत जाते. ती कमी करण्यासाठी वेगळे श्रम घ्यावे लागतात.

ही गुंतागुंत बऱ्याचदा ग्राहक स्वतःच ओढवून घेतो. प्रत्येक विभागाला आपला जुना तक्ता आणि आपली मंजुरीची साखळी जशीच्या तशी हवी असते. त्यासाठी मूळ प्रोग्रॅममध्येच फेरफार केले जातात. नवी आवृत्ती आली की ते सारे फेरफार पुन्हा करावे लागतात. खर्च टाळण्यासाठी मग नवी आवृत्ती पुढे ढकलली जाते, सुरक्षेतील त्रुटी तशाच राहतात आणि काही वर्षांनी संपूर्ण प्रणालीच बदलण्याची वेळ येते. कामाची पद्धत थोडी बदलणे हे प्रोग्रॅम बदलण्यापेक्षा अनेकदा स्वस्त पडते.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर हा यावरचा उपाय आहे का? काही अंशी आहे. २००६ मध्ये ‘रेडमाइन’ हे मुक्त सॉफ्टवेअर आले. मतभेदांमुळे २०११ मध्ये त्यातून ‘चिलीप्रोजेक्ट’ ही शाखा फुटली. ती पुढे बंद पडली. परंतु तिच्या पायावर उभे राहिलेले ‘ओपनप्रोजेक्ट’ टिकून राहिले. मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला असल्याने केलेले काम वाया गेले नाही. मात्र ओपनप्रोजेक्टच्या मागेही सशुल्क आवृत्ती आणि साहाय्यसेवा विकणारी कंपनी आहे. परवाना फुकट असला, तरी देखभाल फुकट होत नाही. तिचे पैसे कोणाला तरी मोजावेच लागतात.

म्हणूनच खरेदीपूर्वीच काही गोष्टी ठरवून घेणे इष्ट. माहिती बाहेर काढण्याची सोय खुल्या स्वरूपात असावी. त्यात कामांची यादीच नव्हे, तर कामांचे परस्परावलंबन, जोडलेली कागदपत्रे आणि मंजुरीचा इतिहासही यायला हवा. वर्षातून एकदा ती माहिती खरोखर बाहेर काढून, दुसरीकडे उघडून पाहावी. देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी. प्रणालीची जबाबदारी संस्थेतील नेमक्या व्यक्तीकडे असावी आणि तिचे ज्ञान लिखित स्वरूपात असावे. अन्यथा एका कर्मचाऱ्याच्या राजीनाम्याने सारेच अडते.

पूल बांधून झाला म्हणजे त्याचा हिशेब संपत नाही. विलंब कोणामुळे झाला आणि वाढीव खर्च कोणी सोसायचा, याचे वाद काम संपल्यानंतरही लवादापुढे चालतात. त्या वेळी जुन्या वेळापत्रकातील नोंदी हाच पुरावा असतो. ज्या संस्थेला तो उघडताच येत नाही, तिची बाजू खरी असूनही लंगडी पडते.