रात्री गाडी बंद पडली अन् चारी इंडिकेटर लागेनात? आधी हे तपासा

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या आणि ट्रक यांची गर्दी असते. अशा अंधाऱ्या रस्त्यावर गाडी बंद पडली आणि चारी इंडिकेटर म्हणजे हॅझर्ड लाइट लागले नाहीत, तर मागून येणाऱ्याला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. जुन्या मारुती ८००, ओम्नी, सुमो, बोलेरो अशा गाड्यांत हे बटण महिनोन् महिने कोणी दाबत नाही. त्यामुळे बिघाड कळतो तो नेमका गरजेच्या वेळी.

चांगली गोष्ट म्हणजे, बिघाड कुठे आहे हे बऱ्याचदा घरीच पाच मिनिटांत कळतं.

करंट कसा जातो?

साधे इंडिकेटर चावी ऑन केल्यावरच चालतात. हॅझर्डला मात्र थेट बॅटरीचा करंट असतो, म्हणून चावी काढली तरी ते लागायला हवेत. दोन्हींचे फ्यूज बहुतेक गाड्यांत वेगळे असतात. पण लाइट लुकलुकवणारा फ्लॅशर बहुधा एकच असतो आणि बल्ब तर तेच असतात. म्हणून दोन्ही लावून बघा आणि तुलना करा.

काय दिसतं, त्यावरून बिघाड ओळखा

१. इंडिकेटर चालतात, हॅझर्ड नाही: हॅझर्डचा फ्यूज उडालाय किंवा बटण खराब आहे. फ्लॅशर आणि बल्ब ठीक आहेत, ते बदलू नका.

२. हॅझर्ड चालतात, इंडिकेटर नाहीत: इंडिकेटरचा फ्यूज किंवा स्टिअरिंगखालची दांडी बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा करंटही हॅझर्डच्या बटणातूनच जातो. ते बटण चार-पाच वेळा दाबल्यावर इंडिकेटर मधूनच चालू झाले, तर दोष बटणात आहे.

३. दोन्ही बंद: पहिला संशय फ्लॅशरवर, मग बटणावर. दोन्ही फ्यूजही बघून घ्या.

४. लाइट लागतात, पण लुकलुकत नाहीत: फ्लॅशर गेला.

५. एकच दिवा बंद: बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग. एका बाजूचा इंडिकेटर एकदम घाईने लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा बल्ब गेल्याची ती खूण असते.

६. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो: मागच्या दिव्याचं अर्थिंग सुटलंय.

दुरुस्ती कशी करायची?

फ्यूज: फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५ आणि पिवळा २० अँपिअरचा असतो. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला चिकटते आहे. गाडी शेडमध्ये उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का, तेही बघा.

बटण: न वापरल्याने आतले पॉइंट काळे पडतात. पंधरा-वीस वेळा दाबून-सोडून बघा, कधी कधी तेवढ्यानेच चालू होतं. नाहीतर कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा. तरीही नाही झालं तर बटण बदला.

फ्लॅशर: हॅझर्ड लावून कान द्या. टिक-टिक येत असेल तर फ्लॅशर जिवंत आहे. आवाजच नसेल तर तसाच फ्लॅशर दुसऱ्या गाडीतून काढून लावून बघा. पिना तेवढ्याच आणि त्याच क्रमाने हव्यात.

होल्डर आणि अर्थिंग: पावसाचं पाणी मागच्या दिव्यात शिरून होल्डर गंजतो. काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. होल्डर आणि अर्थिंगचा नट बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, नट घट्ट आवळा. बल्ब १२ व्होल्ट, २१ वॅटचाच आहे ना, हेही बघा.

या चुका टाळा

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी लावू नका. वायर तापून गाडी पेटू शकते. जुन्या फ्लॅशरवर नुसते एलईडी बल्ब टाकले तर लाइट घाईने लुकलुकतात किंवा लुकलुकतच नाहीत. त्यासाठी एलईडीला चालणारा फ्लॅशर लागतो.

पावसात किंवा चौकात सरळ जाताना हॅझर्ड लावून गाडी चालवू नका. चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

बॅटरीचंही भान ठेवा. २१ वॅटचे चार बल्ब पेटले की सुमारे ७ अँपिअर करंट ओढतात. बॅटरी जुनी असेल तर तास-दोन तासांत गाडी स्टार्ट होण्याइतकाही जोर राहणार नाही. म्हणून गाडी शक्य तितकी रस्त्याखाली घ्या, मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवा आणि माणसांना गाडीत किंवा गाडीमागे न थांबवता रस्त्यापासून दूर उभं करा.

फ्यूज, बल्ब, बटण आणि फ्लॅशर बघूनही काम झालं नाही, तर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. वरच्या सहापैकी काय दिसलं ते त्याला सांगा, म्हणजे शोधाशोधीची मजुरी वाचेल. महिन्यातून एकदा चावी काढून हॅझर्डचं बटण दाबा आणि गाडीभोवती एक चक्कर मारा. चारी दिवे लुकलुकताना दिसले, की रात्रीच्या प्रवासाला निघायला हरकत नाही.