कोटेशन ८४,६०० चं

पतसंस्थेच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं बसतेय. कर्ज मागायला आलेला माणूस आधी घसा खाकरतो. गेल्या एप्रिलमध्ये एका रविवारी भाचा सांगलीला माझ्या घरी आला आणि त्याने घसा खाकरला. वय सोळा, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. खिशातून चौघडी घातलेला कागद निघाला: गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन, ८४,६०० रुपये.

"मावशी, तुमच्या संस्थेतून कर्ज मिळेल का गं?"

मिळणार नव्हतंच. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला करार करता येत नाही. १९०३ साली मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तेच सांगितलं: अज्ञान मुलाने मालमत्ता गहाण ठेवून पैसे उचलले होते आणि सावकाराच्या हाती काही लागलं नाही. म्हणजे हप्ते घ्यायचे तर दाजींच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, नावावर. दाजी तयारही होते. म्हणाले, "नो कॉस्ट ईएमआय आहे म्हणे."

या शब्दांनी माझं डोकं फिरतं. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवरून रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांचे कान उपटले होते. आता व्याज लागतंच, फक्त तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवतात. क्रेडिट कार्डाचे हप्ते असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याच खिशातून जाते. सूट नसलेलं साधं कर्ज घेतलं तर? समजा ६०,००० रुपये, १६ टक्के, बारा महिने: हप्ता ५,४४४ च्या आसपास, आणि वर्षाचं व्याज ५,३०० च्या वर. भाच्याने आकडा पाहिला आणि म्हणाला, "एवढ्यात एसएसडी येते."

मग आम्ही कोटेशन घेऊन बसलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बिल वाचता येतं. प्रोसेसर १२,०००, मदरबोर्ड ९,५००, रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या ३,२००, एसएसडी ५,५००, एसएमपीएस ६,०००, कॅबिनेट ५,०००, मॉनिटर १०,५००, कीबोर्ड-माउस २,४००. आणि ग्राफिक्स कार्ड एकटं ३०,५००.

"हे कार्ड नसलं तर मशीन चालूच होत नाही का?"

तो थांबला. खेळातली चित्रं भराभर रंगवण्याचं काम कार्डाचं. पण काही प्रोसेसरच्या पोटातच छोटं ग्राफिक्स असतं. रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर तसाच. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ त्यावर नीट चालतो, जीटीए फाइव्ह सेटिंग खाली आणून. कार्ड नंतर मदरबोर्डवरच्या खाचेत बसवता येतं. अट एवढीच की एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आजच कार्डाला पुरेल असा घ्यायचा. हे सगळं त्यानेच मला सांगितलं. कॉम्प्युटर तुकड्यातुकड्याने घेता येतो हे त्याला माहीत होतं, पैसेही तसेच जमवता येतील हे सुचलं नव्हतं.

कार्ड गेलं, मॉनिटरच्या जागी हॉलमधला टीव्ही आला, कीबोर्ड-माउस जुना, प्रोसेसर त्याच किमतीत बदलला. एक रॅमची पट्टीही मी कापली. उरले ३९,६००. मुंजीत आणि वाढदिवसांना आलेली पाकिटं मिळून १७,००० होते. एप्रिल-मे एका हळदीच्या अडत्याकडे रोज तीन तास शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या टाइप करून त्याने ८,००० कमावले. पंधरा हजार आजी आणि दाजींनी मिळून दिले. जूनमध्ये मशीन घरी आलं, दुकानदाराला रोख पैसे देऊन.

कार्डासाठी आमच्याकडे पिग्मी उघडली, रोज ५० रुपये. दारावर येऊन रोजची बचत गोळा करण्याची ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली, आणि पतसंस्थांचं पान तिच्यावाचून हलत नाही. पासबुकावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि मग आईचं नाव. अज्ञान पालनकर्ता! "मी अज्ञान?" म्हणून तो तासभर फुगून बसला होता.

आता माझी चूक. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅमच वापरतं. दोन पट्ट्या असल्या की माहितीला ये-जा करायला दोन वाटा होतात आणि खेळ कमी अडखळतो. तो हे सांगत होता, मी म्हटलं, "सोळाशे वाचतात, दुसरी दिवाळीला घे." दिवाळीपर्यंत रॅमचे भाव भडकले होते. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, कारखाने तिकडे वळले, झळ सांगलीच्या दुकानापर्यंत पोचली. सोळाशेची पट्टी त्याने ४,२०० ला घेतली, पाडव्याच्या पाकिटातून. मला काही बोलला नाही, फक्त बिलाचा फोटो पाठवला.

मधे कुणीतरी जुनं आरटीएक्स ३०६० कार्ड निम्म्या किमतीत देत होतं. बिल नाही, वॉरंटी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद पडल्यावर त्यासाठी दिवसरात्र राबलेली ढीगभर कार्डं जुन्या बाजारात आली, हे कार्ड त्यातलं नाही कशावरून? त्याने नको म्हटलं. मी या वेळी तोंड उघडलं नाही.

काल पिग्मीत ११,३५० रुपये होते. कार्डाची खाच अजून रिकामी आहे, आणि दाजींना क्रिकेट बघायचं असलं की त्याचा खेळ बंद.