बाप अजून धावतोय: 'सन ऑफ बीस्ट' या लाकडी रोलर कोस्टरची गोष्ट

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की रोलर कोस्टर लाकडाचेही असतात. त्यावर आपल्या जालन्याच्याच एका श्रोत्याने विचारलं, "दादा, आपल्याकडे सळईचे एवढे कारखाने, आणि अमेरिकेत अजून लाकूड?" प्रश्न रास्त आहे. मीही जालन्याचाच, त्यामुळे जरा टोचलासुद्धा.

आधी रचना समजून घेऊ. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असते ना? इथे धाव चाकावर नसते, रस्त्यावर असते. फळ्यांचे थर एकावर एक ठोकून रूळ बनवायचा आणि त्यावर पोलादाची पातळ पट्टी बसवायची. गाडीची चाकं त्या पट्टीवरून पळतात. खालचा सांगाडा गाडी जाताना थोडा हलतो, करकरतो. तो हलायलाच हवा, धक्का तिथेच जिरतो. पण हलणारं लाकूड बोल्टही सैल करतं. म्हणून रोज सकाळी माणसं रुळावरून चालत एकेक जोड बघतात. सुताराचं काम तिथे संपतच नाही.

आता गोष्ट. ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ किंग्ज आयलंड नावाचं उद्यान आहे. १९७९ मध्ये तिथे 'द बीस्ट' सुरू झाला. लांबी ७,३६१ फूट, आजही जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर. त्याची खुबी अशी की तो झाडीतून, टेकडीच्या चढउताराला धरून जातो. उंची जमिनीकडूनच उसनी घेतलेली.

२००० मध्ये त्याच उद्यानाने त्याचा मुलगा आणला, 'सन ऑफ बीस्ट'. उंची २१८ फूट, वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर, आणि वर ११८ फुटांचा लूप, म्हणजे गाडी पूर्ण उलटी! आजवर एवढा उंच लाकडी कोस्टर दुसरा झालेला नाही. (लूप मात्र पोलादी होता बरं का.)

हिशोब साधा आहे: गाडी जितक्या उंचावरून सोडाल तितका जोर खाली लाकडाने सोसायचा. ९ जुलै २००६ ला सांगाड्यातलं एक लाकूड तडकलं, रूळ तेवढ्यापुरता खचला आणि गाडी खड्ड्यात आदळल्यासारखी झाली. २७ जण जखमी झाले.

त्यानंतर लूप काढला आणि २००७ मध्ये हलक्या गाड्या आणल्या. पण लाकूड लूपमध्ये तडकलं नव्हतं. माझ्या मते दुखणं उंचीचं आणि वजनाचं होतं. गाड्या हलक्या केल्या ते बरंच झालं, पण उंची तेवढीच राहिली. जून २००९ मध्ये एका प्रवासी महिलेने डोक्याला इजा झाल्याची तक्रार केली आणि कोस्टर बंद झाला, तो कायमचाच. २०१२ मध्ये पाडून टाकला. नऊ-दहा हंगाम, एवढंच आयुष्य!

त्या जागेवर २०१४ पासून 'बॅन्शी' धावतो. अख्खा पोलादी, सात वेळा उलटा करतो. म्हणजे आपल्या श्रोत्याचं म्हणणं त्या जागेपुरतं तरी खरं ठरलं.

बाप मात्र अजून लाकडीच आहे. २०२२ च्या हंगामाआधी त्याचा दोन हजार फुटांहून जास्त रूळ नव्याने बांधला. लाकडातच.