चिखल, सायकल आणि डोळे

परभणी जिल्ह्यांत जिंतूरच्या उत्तरेस येलदरी हें गांव आहे. पूर्णा नदीवर तेथें बांधलेलें धरण १९६८ सालीं पूर्ण झालें, आणि त्यामागें पसरलेला जलाशय पावसाळ्याच्या अखेरीस डोळे भरून पाहावा असा असतो. गेल्या पावसाळ्यांत माझा भाचा दोन मित्रांसह सायकलीवरून तो पाहावयास गेला. हमरस्ता सोडून शेतांमधल्या गाडीवाटेनें पाण्याकडे उतरतांना काळ्या मातीचा चिखल लागला. चिखलांत चाक रुतूं नये म्हणून त्यानें जोरानें पायडल मारले, आणि क्षणार्धांत चिखलाचा गोळा उजव्या डोळ्यांत बसला. त्यानें हातमोजा न काढतांच डोळा चोळला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डोळा उघडेना. नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं, बुबुळावरील पारदर्शक पटलावर ओरखडा उठला आहे. पुढें तो भरून आला. तथापि वैद्यांचा अभिप्राय असा पडला कीं, इजा चिखलानें थोडी आणि चोळण्यानें अधिक झाली.

या प्रसंगांत दोन चुका झाल्या. एक पायाची, दुसरी हाताची. दोन्ही अगदीं स्वाभाविक आहेत, म्हणूनच त्या पुनःपुन्हा होतात. आज त्यांचाच थोडा विचार करूं.

प्रथम चिखल तोंडापर्यंत येतो कसा तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, मागचें चाक चिखल उडवितें. मागच्या चाकाचा चिखल आपल्या पाठीवर पट्टा ओढतो, पण डोळ्यांत जातो तो पुढच्या चाकाचा. गोफणींतून दगड सुटतो त्याप्रमाणें फिरत्या चाकाला चिकटलेला गोळा सुटला कीं स्पर्शरेषेच्या दिशेनें जातो. चाकाची मागची कड वर चढत असते. तेथून सुटलेला गोळा सरळ वर उडतो आणि सायकलीबरोबरच पुढेंहि चाललेला असतो, म्हणून तो स्वाराच्या समोरच राहतो. त्याहून थोडा वर जाऊन सुटलेला गोळा सायकलीच्या पुढें फेकला जातो. हवा त्याचा वेग कमी करते, आणि मागून वेगानें येणारा स्वार आपण होऊन त्यावर तोंड आपटतो.

आतां तो किती उंच उडेल? याचें गणित शाळेंतल्या पदार्थविज्ञानाचेंच आहे. चाकाच्या कडेचा वेग सायकलीच्या वेगाइतका असतो, आणि वेग दुप्पट झाला कीं उडण्याची उंची चौपट होते. चाकाचा आस जमिनीपासून सुमारें ३५ सेंटिमीटरांवर धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगानें सुटलेला गोळा जमिनीपासून सुमारें ७५ सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या थोडा वर, पोंचतो. ताशी १५ किलोमीटरांस तो सव्वा मीटरावर, छातीशीं येतो. ताशी १८ किलोमीटरांस सुमारें १६० सेंटिमीटर होतात, आणि सायकलीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेथेंच असतात. ताशी २० किलोमीटरांस तर तो डोक्यावरून जाईल. एवढ्यावरून पहिला नियम सहज निघतो: चिखल दिसला कीं वेग वाढवूं नये, कमी करावा. चाक रुतण्याचें भय वाटत असेल तर हलका गियर घालून एकसारखे पाय चालवावे. ताशी १० किलोमीटरांच्या आंत राहिलें म्हणजे कपडे मळतील, पण डोळे वांचतील.

येलदरीकडचा चिखल विशेष त्रासदायक कां, हेंहि समजून घेण्याजोगें आहे. मराठवाड्याची काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली आहे. तिच्यांतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. म्हणूनच उन्हाळ्यांत त्या जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यांत ती पायाला सोडीत नाहीं. नुसतें पाणी चाकावरून लौकर सुटतें आणि बहुधा खालींच विखुरतें. हा चिकट गोळा मात्र चाकाला धरून वर चढतो, आणि नेमका तोंडाच्या दिशेनें सुटतो.

यावर उघड उपाय म्हणजे मडगार्ड. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीला तें पुढें आणि मागें असेच. डोंगरांत चालविण्याची जाड, खाचांच्या टायरांची सायकल, जिला माउंटन बाइक म्हणतात, ती मात्र बहुधा मडगार्डाविना विकली जाते. ही केवळ फॅशन नव्हे. टायराला चिकटून बसणारें लांब मडगार्ड काळ्या चिखलांत गच्च भरतें आणि चाक फिरेनासें होतें. शेतावर जाणारा मनुष्य वाटेंत उतरून काडीनें मडगार्डांतला चिखल उकरतांना आपण पाहिला असेल. म्हणून अशा सायकलीस पुढच्या चाकावर आखूड प्लास्टिकची ढाल लावतात. ती टायरापासून दोन-तीन बोटें उंच असावी आणि चाकाच्या मागच्या बाजूस पुरेशी खालीं यावी, कारण वर सांगितल्याप्रमाणें गोळा तेथूनच सुटतो. जुन्या प्लास्टिकच्या डब्याचा पत्रा कापून ती घरींहि करतां येते. पण ती घट्ट बांधलेली हवी. सैल होऊन चाकांत शिरली तर स्वार उलटून पडेल.

दुसरें साधन चष्मा. चिखलाच्या वाटेवर तो काळ्या भिंगांचा नको, स्वच्छ किंवा फिक्या पिवळ्या भिंगांचा असावा, म्हणजे ढगाळ उजेडांत खड्डे दिसतील. भिंगें कांचेचीं नसून न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचीं असावीं. त्यावर चिखल बसला तर कोरड्या रुमालानें पुसूं नये, कारण मातीच्या कणांनीं भिंगावर ओरखडे उठतात. थांबून बाटलीच्या पाण्यानें तो धुवावा. हेल्मेटला पुढें झांप असेल तर खराब तुकडा येतांच मान किंचित खालीं घालावी. बराचसा मारा झांपेवर जातो. आणि बरोबरच्या सायकलीच्या थेट मागें राहूं नये. तिच्या मागच्या चाकाचा चिखल आपल्याच तोंडावर येतो. बाजूस सरावें किंवा पुरेसें अंतर ठेवावें.

इतकें करूनहि डोळ्यांत चिखल गेलाच तर काय करावें? येथें हाताला आवरणें हाच सर्वांत मोठा उपाय आहे. चोळल्यानें वाळूचा कण पापणीखालीं घासला जातो. सायकल थांबवावी, उतरावें, हातमोजे काढावे, हात धुवावे. मग मान दुखऱ्या डोळ्याच्या बाजूस कलती करून नाकाकडील कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे पिण्याच्या स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडावी आणि पापण्या मिटाव्या-उघडाव्या. जलाशयाचें किंवा डबक्याचें पाणी वापरूं नये. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती स्वच्छ हातानें काढून टाकावी. अशा सहलीस चष्माच घालून निघणें अधिक शहाणपणाचें. पदराच्या टोकानें कण काढणें, तोंडानें फुंकर घालणें, दूध, मध किंवा तूप घालणें हे घरगुती उपाय प्रेमाचे असले तरी घातक आहेत.

कारण गाडीवाटेचा चिखल म्हणजे निव्वळ माती नव्हे. त्यांत शेण असतें, कुजका पालापाचोळा असतो. २००७ सालीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत एका चिखलांतल्या सायकल शर्यतीनंतर अनेक स्पर्धकांना पोटाचा विकार जडला. तोंडांत गेलेल्या चिखलांतले जंतूच त्यास कारण ठरले. डोळ्याची गोष्ट याहून नाजूक. ओरखड्यांतून बुरशी शिरून बुबुळावर व्रण होणें हें आपल्याकडील शेतकऱ्यांत दृष्टि जाण्याचें एक परिचित कारण आहे. म्हणून धुतल्यावरहि खुपत असेल, डोळा लाल राहिला असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्यांकडे जावें. औषधाच्या दुकानांतून आपल्या मनानें थेंब आणूं नयेत. त्यांत स्टिरॉइड असल्यास बुरशीला उलट जोर येतो.

माझा भाचा या पावसाळ्यांत पुन्हा येलदरीस जाणार आहे, आणि मीं त्यास अडविलें नाहीं. त्याच्या पुढच्या चाकावर आतां ढाल आहे, खिशांत चष्मा आहे, आणि एक बाटली केवळ डोळ्यांसाठीं आहे. मात्र निघतांना मीं त्यास सांगणार आहें तें एवढेंच: चिखल आला कीं पाय आवर, आणि डोळ्यांत गेला कीं हात आवर.