करडईचें तेल आणि घरांतील आरोग्य

आमच्या सांगली-सातारा भागांतील कोरडवाहू शेतकरी बांधव ज्वारीच्या शेतास करडईचे काठ लावीत, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. काट्यांमुळें गुरें आंत शिरत नसत व घरापुरतें तेलहि निघे. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं पीकपाहणीचे कागद पुष्कळ चाळले; त्यांत करडईची नोंद वर्षानुवर्षें तुरळक होत गेली. गांवचा घाणा बंद पडला, आणि जो शेतकरी गळिताचें धान्य पिकवितो तोच बाजारांतून पामतेलाची पिशवी आणितो.

तेल म्हणजे काय, हें सांगणें अवश्य आहे. ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन सांखळ्या जोडल्या म्हणजे तेलाचा एक रेणू होतो. सांखळींतील कर्बाचे अणू एकेरी बंधांनींच जोडलेले असले तर ती सरळ राहते, रेणू दाटीनें बसतात व स्नेह थिजतो. तुपाचें थिजणें तें हेंच. मध्यें दुहेरी बंध असला तर सांखळी वांकते आणि तेल पातळ राहतें. करडईच्या तेलांत सुमारें पाऊण हिस्सा लिनोलिक आम्ल असतें, त्यांत असे दोन बंध आहेत. हें आम्ल आपलें शरीर स्वतः बनवूं शकत नाहीं. १९२९ सालीं अमेरिकेंत बर दांपत्यानें उंदरांस स्नेहरहित अन्न घातलें, तेव्हां त्यांची कातडी खवलेदार झाली व वाढ खुंटली. जवसांतील लिनोलेनिक आम्ल तीन बंधांचें. तेंहि अन्नांतूनच मिळवावें लागतें. जवसाची चटणी म्हणूनच ताटांतून जाऊं देऊं नये.

मात्र दुहेरी बंध हीच नाजूक जागा. तेथें हवेंतील प्राणवायु लागून तेल खवट होतें. भजीं तळून उरलेलें करडईचें तेल पुनः पुनः तापविणें बरें नव्हे. तळणास भुईमुगाचें तेल अधिक टिकाऊ.

वनस्पति तूप करितांना निकेलच्या साहाय्यानें तेलांत हायड्रोजन घालतात. कांहीं बंध एकेरी होतात, कांहींची ठेवण उलटून वांकलेली सांखळी सरळ होते. असा ट्रान्स स्नेह रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाढवितो व हितकर घटवितो. सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणानें १ जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा शेंकडा २ केली आहे.

एवढ्यावरून कोणी करडईचेंच तेल सढळ हातानें ओतूं लागेल, म्हणून सिडनीची हकीकत सांगतों. तेथें १९६६ ते १९७३ पर्यंत हृदयविकाराच्या कांहीं रोग्यांस इतर स्नेहाच्या जागीं करडईचें तेल व त्याचें मार्गारीन दिलें. २०१३ सालीं त्या आंकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हां ह्याच रोग्यांत मृत्यु अधिक आढळले. आमच्या मतें भुईमूग, करडई, जवस व थोडें तूप असा मिलाफ असावा, आणि तोहि बेतानेंच.

काटे बोंचतात म्हणून काढणीस मजूर मिळत नाहीं, ही तक्रार खरी आहे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बिनकाट्यांचा संकरित वाण काढलेला आहे. काठाच्या कुंपणास तो निरुपयोगी, हें उघड आहे. परंतु सलग पेऱ्यास बियाणें मिळतें काय, ह्याची चौकशी रब्बीच्या पेरणीपूर्वींच करावी.